शत्रू रात्री लढत नाही

१९४१च्या अखेरीस दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेल्या जपानी शिपायांना एक छोटी पुस्तिका वाटण्यात आली. ‘एवढे वाचले तर युद्ध जिंकता येते’ अशा अर्थाचे तिचे नाव. ती तयार करण्यामागे मासानोबू त्सुजी हा लष्करी अधिकारी होता. बोट लागली तर काय करावे, डासांपासून कसे वाचावे, उकाड्यात पाणी कसे पुरवून प्यावे, अशा कामाच्या सूचना तिच्यात भरपूर आहेत. मधेच शत्रूचे वर्णन येते. गोरे लोक गर्विष्ठ, बायकी आणि भित्रे. पावसात, धुक्यात, अंधारात लढणे त्यांना नको असते. रात्र त्यांच्या लेखी नाचण्यासाठी असते, लढण्यासाठी नव्हे, आणि नेमकी हीच आपली संधी. शिवाय त्यांच्या फौजेत अधिकारी गोरे, शिपाई वसाहतींतले, तेव्हा एकदिलाने लढणार कोण? मलायात ब्रिटिशांच्या बाजूने उभ्या असलेल्या हजारो भारतीय शिपायांचा हिशेब त्या वाक्यात होता.

हे सगळे अज्ञानापोटी लिहिले गेले असे म्हणून मोकळे होता येत नाही. अमेरिका जपान्यांना परकी नव्हती. १९३४मध्ये बेब रूथ बेसबॉल खेळायला आला तेव्हा टोकियोच्या रस्त्यांवर त्याला पाहायला तोबा गर्दी लोटली होती. हॉलिवूडचे चित्रपट लागत, जॅझ वाजे. अडचण अशी की सामान्य जपानी माणसाच्या ओळखीची अमेरिका ही मौजेची अमेरिका होती. पडद्यावरचे नाचगाणे लाखोंनी पाहिलेले, डेट्रॉइटचे कारखाने मोजक्यांनी.

त्यातून युद्धाच्या पहिल्या सहा महिन्यांनी पुस्तिकेवर शिक्कामोर्तबच केले. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडले. एप्रिलमध्ये फिलिपिन्सच्या बतानमध्ये अमेरिकन आणि फिलिपिनो मिळून ७०,०००हून जास्त सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. जिवंतपणी कैदी होणे ही जपानी शिपायाला शिकवलेली सर्वांत मोठी लाज. जानेवारी १९४१मध्ये जनरल तोजोच्या नावाने निघालेल्या रणांगण-संहितेत ती लेखीच होती. हजारोंच्या संख्येने हात वर करणाऱ्या शत्रूबद्दल त्याच्या मनात काय उरणार? शितावरून भाताची परीक्षा झाली. वेक बेटावर ११ डिसेंबर १९४१ रोजी मूठभर अमेरिकन मरीन सैनिकांनी जपानी आरमाराला परतवून लावले होते, ते शीत मात्र कोणी चाखले नाही. पुढे वेक घेतलेच ना, मग झाले.

कर्नल कियोनाओ इचिकी या वातावरणातला माणूस. वय ४९, पायदळाच्या शाळेत शिकवलेला, संगिनीवर आणि रात्रीच्या हल्ल्यावर श्रद्धा असलेला. जुलै १९३७मध्ये बीजिंगजवळ मार्को पोलो पुलावर जी चकमक झाली आणि ज्यातून चीन-जपान युद्ध पेटले, तिथली बटालियन त्याचीच. तिथे त्याचा वरिष्ठ होता रेन्या मुतागुची. हाच मुतागुची १९४४मध्ये मोजक्या दिवसांचा शिधा देऊन आपली फौज इंफाळवर घेऊन आला, आणि त्या फौजेला सांगशाकच्या टेकडीवर अडवणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. शत्रूला आधीच निकालात काढण्याची सवय एकट्या इचिकीची नव्हती, एवढ्यासाठी हे सांगितले.

इचिकीची २८वी रेजिमेंट होक्काइदोतल्या असाहिकावाची. बर्फाच्या मुलखातली ही माणसे जून १९४२मध्ये मिडवे बेट घेण्यासाठी जहाजांवर चढली होती. मिडवेला जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली आणि ही तुकडी न उतरताच मागे वळली. पुढचे दोन महिने ग्वाममध्ये गेले. ७ ऑगस्टला जहाजे मायदेशी निघाली आणि त्याच दिवशी अमेरिकेचे सुमारे ११,००० मरीन सॉलोमन द्वीपसमूहातल्या ग्वादालकॅनाल बेटावर उतरले. तिथे जपान्यांनी बांधत आणलेली धावपट्टी त्यांनी दुसऱ्याच दिवशी घेतली. बांधकामावरचे लोक भाताची पोती, ट्रक आणि बर्फाचा कारखाना जागेवर टाकून रानात पळाले. इचिकीला परत फिरवण्यात आले.

राबौलमधल्या १७व्या सैन्याचा सेनापती हारुकिची ह्याकुताके याच्या कचेरीत शत्रूची संख्या दोन हजारांच्या आसपास धरली गेली, फार तर थोडे अधिक. विमानातून पाहणी करून आलेल्यांनाही फारशी हालचाल दिसली नव्हती. ९ ऑगस्टच्या पहाटे सावो बेटाजवळ जपानी आरमाराने मित्रराष्ट्रांच्या चार क्रूझर बुडवल्या आणि त्यानंतर अमेरिकेची मालवाहू जहाजे अर्धेअधिक सामान पोटात ठेवूनच निघून गेली. म्हणजे शत्रू थोडा आहे, एकटा पडला आहे आणि खचला आहे. तिन्हींपैकी एक गोष्ट खरी होती. मरीन एकटे पडलेच होते. दिवसातून दोनदाच जेवण, त्यातला काही भाग जपान्यांनी मागे टाकलेला तांदूळ, वर हगवण.

इचिकीला हुकूम असा: धावपट्टी झटपट परत घे; जमणार नसेल तर बेटाचा काही भाग धरून मागच्या कुमकेची वाट पाहा. हुकमाचा दुसरा अर्धा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुढच्या वेळा बेटावरच्या अमेरिकन घड्याळाप्रमाणे आहेत. जपानी आरमाराची घड्याळे कुठेही गेली तरी टोकियोचीच वेळ दाखवत, म्हणजे इथल्यापेक्षा दोन तास मागे.

१९ ऑगस्ट १९४२, रात्री १

सहा विनाशिका ताइवू टोकाशी येऊन थांबतात. त्या धावपट्टीपासून ही जागा पूर्वेला सुमारे ३५ किलोमीटर. नऊशेहून थोडे जास्त सैनिक बिनबोभाट किनाऱ्यावर उतरतात. माणशी २५० काडतुसे, सात दिवसांचा शिधा. अवजड शस्त्रे जवळजवळ नाहीतच. काही मशीनगन आणि ७० मिलिमीटरच्या दोन छोट्या तोफा. तुकडीचा उरलेला, हजारावर माणसांचा भाग संथ जहाजांतून मागाहून येतो आहे, त्याला अजून काही दिवस लागतील.

टोकियोत या घटकेला १८ ऑगस्टचे रात्रीचे ११ वाजले आहेत. इचिकीच्या नावावर डायरीतली एक नोंद सांगितली जाते, घटना घडण्याआधीच लिहून ठेवलेली. तिचा आशय असा की १८ला उतरायचे, २०ला रात्री कूच करून लढायचे आणि २१ला विजयाची फळे चाखायची. पहिली ओळ तरी वेळेवर पार पडली.

किनाऱ्यावर शंभराच्या वर माणसे ठेवून बाकीचे लगेच पश्चिमेला चालू लागतात. मागच्यांसाठी थांबायचा प्रश्न इचिकीपुढे येतच नाही. दोन हजार खचलेल्या माणसांसाठी नऊशे पुरेत. त्सुजीच्या गणितात तर ते जास्तच होते.

१९ ऑगस्ट, दुपारी १२

इचिकीने पुढे ३८ जणांची एक गस्त पाठवली आहे. तिने वाट पाहून यायचे, टेलिफोनची तार टाकायची. कोली टोकाजवळ हे लोक किनाऱ्याकिनाऱ्याने घोळक्याने चालले आहेत, बाजूला पहारा नाही, पुढे टेहळ्या नाही. कॅप्टन चार्ल्स ब्रश याची साठेक मरीनची गस्त समोरून येते आणि आधी तिची नजर पडते. ब्रश काही माणसे समोर ठेवतो, काही बाजूने आत घालतो. तासाभरात ३८पैकी तिसाहून जास्त जपानी ठार होतात. मरीनचे तीन मरतात, तीन जखमी.

खरी कमाई त्यानंतरची. ब्रश मृतांचे खिसे आणि थैल्या तपासायला लावतो. आतापर्यंत बेटावर भेटलेले जपानी म्हणजे बांधकामावरचे थकलेले मजूर किंवा आरमाराचे शिपाई. हे तसे नव्हते. कपडे स्वच्छ, दाढी केलेली, टोपीवर आरमाराच्या नांगराऐवजी पायदळाचा तारा. एवढ्याशा गस्तीत अधिकाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी, कंबरेला तलवारी, गळ्यात दुर्बिणी. थैल्यांतल्या नकाशांवर मरीनच्या फळीतल्या जागा बऱ्याच अचूक दाखवलेल्या. नवी, ताजी, प्रशिक्षित फौज पूर्वेला उतरली आहे, एवढे समजायला हे पुरे होते.

म्हणजे लढाईच्या छत्तीस तास आधी शत्रूला सगळे कळले होते. गाठ कोणाशी आहे ते, आणि तो कुठून येणार तेही.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ

वाचलेले मूठभर लोक इचिकीकडे पोचतात. दिवसाढवळ्या, उघड्यावर, आपल्याहून थोड्याच मोठ्या तुकडीने एका तासात आपली गस्त कापून काढली, ही बातमी. इचिकी मृतांना मूठमाती द्यायला एक कंपनी पाठवतो आणि बेत तसाच ठेवतो.

माझ्या मते इचिकीची लढाई इथेच हातची गेली, पुढे ज्या ओहोळावर ती लढली गेली तिथे नव्हे. इचिकीच्या हाती आता अंदाज नव्हता, पुरावा होता: अमेरिकन बाजू मारून येतात, नेम धरतात, पळत नाहीत. पण तो ज्या शिस्तीत वाढला तिथे अपयशाचा अर्थ एकच निघे: आपल्या माणसांचे मन कमी पडले. शत्रू कणखर आहे हा अर्थ त्यातून काढायची सोयच नव्हती. मनाची ताकद सामग्रीला भारी पडते हे एकदा धरून चालले की कुठलाही पराभव त्या समजाला खोटे पाडू शकत नाही.

२० ऑगस्ट, दिवसभर

जपानी झाडीत दडलेले. चालायचे ते रात्रीच.

२० ऑगस्ट, उतरती दुपार

धावपट्टीवर पहिली अमेरिकन विमाने उतरतात: १९ वाइल्डकॅट लढाऊ आणि १२ डॉन्टलेस बॉम्बफेकी, लाँग आयलंड या जहाजावरून आलेली. मिडवेत मारला गेलेला मरीन वैमानिक लॉफ्टन हेंडरसन याचे नाव धावपट्टीला दिलेले आहे. दोन आठवडे डोक्यावर फक्त शत्रूची विमाने पाहिलेले लोक खंदकांतून उठून ओरडतात.

इचिकीने ज्या शत्रूचा हिशेब मांडला होता, त्याच्याकडे विमाने नव्हती.

२० ऑगस्ट, संध्याकाळनंतर

आता जेकब वूझाची गोष्ट, जिच्याशिवाय या रात्रीची हकिगत पुरी होत नाही.

वूझा ग्वादालकॅनालचाच. सॉलोमनच्या ब्रिटिश पोलिसांत सार्जंट मेजर म्हणून निवृत्त झालेला, आणि आता मार्टिन क्लेमेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखाली मरीनसाठी टेहळणी करणारा. कोणा मरीनने त्याला एक छोटा अमेरिकन झेंडा भेट दिला होता. जपानी आसपास आहेत म्हटल्यावर तो झेंडा गावी नेऊन लपवावा असे त्याच्या मनात आले, आणि वाटेत तो इचिकीच्या माणसांच्या हाती सापडला. झडतीत झेंडा निघाला.

त्याला झाडाला बांधले. अमेरिकन किती आहेत, कुठे आहेत? वूझा बोलला नाही. बंदुकीच्या दस्त्यांनी मारले, संगिनी हातात, खांद्यात, तोंडावर, पोटात खुपसल्या, गळ्यावर वार केला. मेला असे समजून तसाच सोडून ते पुढे गेले. वूझाने दातांनी दोर तोडला आणि रक्ताने माखलेल्या अंगाने, कधी चालत, कधी सरपटत, कित्येक किलोमीटरवरची मरीनची फळी गाठली. बेशुद्ध होण्याआधी त्याने येणाऱ्या जपान्यांचा आकडा सांगितला: अडीचशेच्या वर, कदाचित पाचशे.

वूझा जगला. पुढे त्याला अमेरिकेचे आणि ब्रिटनचे शौर्यपुरस्कार मिळाले, १९७९मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला, आणि तो १९८४मध्ये वारला. त्सुजीच्या पुस्तिकेत वसाहतीतल्या माणसाचे वर्णन होते: गोऱ्या धन्यासाठी तो मनापासून लढणार नाही. वूझा कोणासाठी आणि का गप्प राहिला हे सांगणे अवघड आहे. गोऱ्यांच्या साम्राज्यावर त्याचे प्रेम होते असे समजायचे कारण नाही. पण झाडाला बांधून संगिनी खुपसणाऱ्यांनी आशियाच्या मुक्तीची भाषा करावी, हे त्याला पटण्यासारखे नव्हते एवढे नक्की.

२० ऑगस्ट, मध्यरात्रीच्या सुमारास

आता जागा पाहू. किनाऱ्याला समांतर पसरलेली नारळाची मोठी बाग. तिच्यातून येऊन समुद्राला मिळणारा एक ओहोळ, खरे तर साचलेल्या पाण्याची खाडीच. मरीन त्याला नकाशाच्या चुकीने तेनारू म्हणत, एरवी ॲलिगेटर क्रीक. सुसरी असायच्या म्हणून. तोंडाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीला त्याच्यावरून पाय न भिजवता पलीकडे जाता येते. पलीकडे जायची सर्वांत सोपी वाट तीच आणि म्हणूनच सर्वांत वाईट.

पश्चिम काठावर लेफ्टनंट कर्नल एडविन पोलॉकची बटालियन आहे. दांड्यावर नेम धरून मशीनगन लावल्या आहेत, ३७ मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफा आहेत. या तोफांतून नेहमीच्या गोळ्याऐवजी पोलादी छर्रे भरलेला डबा उडवता येतो. तोंडातून सुटला की डबा फुटतो आणि शंभराहून जास्त छर्रे समोर पसरतात. दांड्यावर आडवी काटेरी तार, तीही बागेच्या कुंपणाची काढून आणलेली.

पूर्व काठावरच्या चौक्यांतले मरीन अंधारात बोलण्याचे आणि धातू आपटल्याचे आवाज ऐकतात आणि गुपचूप मागे येतात.

२१ ऑगस्ट, रात्री १.३०च्या पुढे

हिरवी प्रकाशज्योत आकाशात चढते आणि शंभर-दोनशे माणसे संगिनी रोखून वाळूच्या दांड्यावर ओरडत धावत सुटतात. मागून मशीनगन चालतात, पण तोफांनी आधी मारा करून वाट मोकळी केलेली नाही. या हल्ल्यात भरवसा एकाच गोष्टीवर आहे: अंधारात आरडाओरडा करत संगिनी अंगावर आल्या की समोरचा पळेल. चीनमध्ये पुष्कळदा तसे झाले होते. मलायातही झाले होते.

धावणारे तारेपाशी अडतात. तार पाहून ते क्षणभर थबकले असे समोरच्यांनी सांगितले आहे. एवढा उशीर पुरला. मरीनच्या मशीनगन दोन्ही बाजूंनी दांडा झाडून काढतात, छर्रे सुटतात. तरीही काही जण पार होतात आणि पश्चिम काठावरच्या खड्ड्यांत उतरतात. तिथे हातघाईची लढाई होते, सुरे, संगिनी, बंदुकीचे दस्ते. राखीव तुकडी पुढे घालून मरीन ते खड्डे परत घेतात.

काठावरच्या एका मशीनगनवर तिघे होते. जॉनी रिव्हर्स गोळी लागून जागीच गेला. ॲल श्मिडने गन हाती घेतली, ली डायमंड हाताला जखम होईपर्यंत साथीला. मग श्मिड एकटाच पट्टे भरत आणि गोळ्या झाडत राहिला, शेवटी हातबॉम्ब येऊन पडला आणि त्याचे डोळे गेले. सकाळी त्या खड्ड्यासमोर प्रेतांचा खच होता. फिलाडेल्फियाच्या या कामगारावर युद्ध संपता संपता हॉलिवूडने चित्रपट काढला. त्सुजीने ज्याला नाचणारा म्हणून हिणवले तो हाच माणूस, सिनेमा पाहणारा आणि शनिवारी बाहेर जाणारा.

रात्री २.३०च्या सुमारास

दुसरी लाट. तोच दांडा, तीच तार, आता वर आधीच्यांची प्रेते.

हल्ला फसतो. मागे घेऊ या, असे जिवंत राहिलेला एक अधिकारी इचिकीला सुचवतो. इचिकी नाही म्हणतो. कुमकेची वाट पाहायची मुभा हुकमातच होती, माघारीत हुकूमभंग नव्हता. हा नकार लष्कराने त्याच्याकडून मागितलेला नव्हता, तो त्याचा स्वतःचा होता.

दरम्यान अमेरिकेच्या ७५ मिलिमीटरच्या तोफा पूर्व काठावरच्या झाडीत गोळे टाकू लागतात.

पहाटे ५

तिसरा प्रयत्न जरा वेगळा. या खेपेला समुद्राच्या उथळ पाण्यातून, दांड्याला वळसा घालून, किनाऱ्यावरून बाजूने घुसायचे. कल्पना वाईट नव्हती. पहिल्याच वेळी वापरली असती तर मरीनना जड गेली असती. पण आता उजाडत आले आहे. लाटांतून येणारी माणसे स्पष्ट दिसतात. मशीनगन आणि तोफा दोन्ही त्यांच्यावर वळतात. वाचलेले परत बागेत शिरतात.

पूर्व काठावर इचिकीची उरलेली तुकडी माडांच्या बुंध्यांआड पडून आहे. पाठीमागे ३० किलोमीटरपलीकडे शंभर-सव्वाशे माणसे आणि शिध्याचा साठा. अजूनही निघता येईल.

ते निघत नाहीत.

सकाळ

मरीनचा सेनापती अलेक्झांडर व्हँडेग्रिफ्ट वाट पाहत बसायला तयार नाही. लेफ्टनंट कर्नल लेनार्ड क्रेसवेलची बटालियन ओहोळाच्या वरच्या अंगाने पलीकडे जाते, मग पूर्वेला आणि उत्तरेला वळते. दुपारपर्यंत बागेभोवतीचा फास आवळला जातो. एका बाजूला समुद्र, एका बाजूला ओहोळ, दोन बाजूंना क्रेसवेल. काल उतरलेली विमाने मागे निसटणाऱ्यांवर गोळ्या झाडतात.

किनाऱ्यावर अडकलेले काही जण समुद्रात उतरतात. पोहणारी डोकी टिपली जातात.

या माणसांच्या मनात शत्रूची दोन चित्रे होती असे मला वाटते, आणि ती एकमेकांशी जुळणारी नव्हती. एक नाचणाऱ्या, भित्र्या अमेरिकनाचे. दुसरे, त्याच्या हाती सापडलात तर हालहाल करून मारेल अशा राक्षसाचे; जपानी प्रचाराने पुढच्या दोन वर्षांत ते आणखी गडद केले. भित्रा म्हणून त्याच्यावर धावून जायचे, राक्षस म्हणून त्याच्यापुढे शस्त्र टाकायचे नाही. दोन्ही चित्रे वरच्यांच्या सोयीची होती. रात्री पहिले कामी आले, दुपारी दुसरे.

दुपारी ३

पाच हलके रणगाडे त्याच वाळूच्या दांड्यावरून पूर्वेला जातात. माडांच्या ओळींतून फिरत ते झाडे पाडतात, माणसे चिरडतात, मेलेली आणि जिवंत दोन्ही. परत आले तेव्हा त्यांची मागची बाजू खिमा करायच्या यंत्रासारखी दिसत होती, असे व्हँडेग्रिफ्टने नंतर लिहिले.

संध्याकाळी ५

गोळीबार थांबतो.

सुमारे ८०० जपानी मेलेले आहेत. कैदी १५, बहुतेक सगळे जखमी. मरीनचे मृत चाळीसच्या आसपास.

पण आवाज पुरते थांबलेले नाहीत. मृतांमध्ये पडलेले जखमी जपानी, जवळ येणाऱ्या मरीनवर आणि मदतीला वाकलेल्यांवरही हातबॉम्ब फोडतात किंवा पिस्तूल झाडतात. दोन-तीनदा असे झाल्यावर मरीन प्रत्येक प्रेताला गोळी घालत पुढे सरकतात. नऊ दिवसांपूर्वी लेफ्टनंट कर्नल फ्रँक गॉटगीची २५ जणांची गस्त, शरण येऊ पाहणारे जपानी आहेत अशा समजाने गेली होती आणि तिच्यातले तिघेच परतले होते, ती आठवण सगळ्यांना ताजी आहे. अशी लढाई मी कधी ऐकली नाही की वाचली नाही, हे लोक शरण येतच नाहीत, असे व्हँडेग्रिफ्टने मरीनच्या मुख्य सेनापतीला कळवले.

शत्रूविषयीचा समज आता दुसऱ्या काठावरही बदलला होता. पर्ल हार्बरच्या आधी अमेरिकेत जपान्यांची थट्टा चाले: चष्मेवाले, विमान धड चालवता न येणारे. त्यानंतरचे सहा महिने ते अजिंक्य वाटू लागले. या संध्याकाळी मरीननी त्यांना मरताना पाहिले आणि ठरवले की यांना मारता येते, पण पकडायच्या भानगडीत पडू नये. पुढची तीन वर्षे, तारावापासून ओकिनावापर्यंत, याच समजावर लढली गेली आणि दोन्ही बाजूंच्या असंख्य माणसांना त्याची किंमत मोजावी लागली.

इचिकीच्या शेवटाच्या दोन कथा आहेत. एकीत तो लढताना पडला. दुसरीत त्याने रेजिमेंटचा ध्वज जाळला आणि स्वतःचा जीव घेतला.

त्यानंतर

ताइवूला मागे ठेवलेल्यांपर्यंत मोजकी माणसे पोचली आणि तिथून राबौलला बिनतारी निरोप गेला. राबौलमध्ये त्यावर आधी विश्वास बसला नाही. अख्खी तुकडी एका रात्रीत संपते कशी? टोकियोला कळवताना ह्याकुताकेने, इचिकीच्या तुकडीचा हल्ला पूर्णपणे यशस्वी झाला नाही, अशा अर्थाचे शब्द वापरले. सरकारी भाषेची ताकद कुठल्याही देशात सारखीच.

इचिकीला मिडवेच्या मोहिमेपासून ओळखणारा रिअर ॲडमिरल रायझो तानाका नंतर स्पष्ट बोलला. इचिकीचे धैर्य आणि नेतृत्व त्याला मान्यच होते. पण आधुनिक शस्त्रांपुढे बंदूक-संगीन घेऊन धावणे हे बांबूचे भाले घेऊन लढण्यासारखे आहे, आणि हा धडा तेव्हाच शिकायला हवा होता, असे त्याने लिहिले.

इचिकीच्या तुकडीचा मागे राहिलेला भाग ऑगस्टअखेर विनाशिकांतून ताइवूच्याच बाजूला उतरला, आता मेजर जनरल कियोताके कावागुची याच्या हाताखाली. ८ सप्टेंबरला मरीननी त्या भागातल्या तासिंबोको गावावर छापा घातला. शिधा आणि दारूगोळ्याबरोबर कावागुचीच्या सामानात समारंभाचा पांढरा गणवेश मिळाला, असे छाप्यावरून परतलेल्यांनी सांगितले. कावागुची तोवर जंगलात शिरला होता. धावपट्टीच्या दक्षिणेला एक टेकडी होती. १२ सप्टेंबरला अंधार पडल्यावर त्याने तिच्यावर संगिनींचा हल्ला चढवला.